चालू बी करून टाकला?

आजी देवळातून आली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तेवढ्या वेळात तिच्या खोलीच्या भिंतीला भोक पडलं होतं, पाइप बाहेर गेले होते, ते मोठं खोकं सज्ज्यावर बसलं होतं आणि एसी लावणारे पोट्टे चहा पिऊन निघूनही गेले होते. मी मुद्दामच तिची मंगळवारची देवळाची वेळ गाठली होती. ड्रिलचा आवाज, सिमेंटची धूळ, तिचा पलंग इकडून तिकडे, हे सगळं ती नसताना उरकलेलं बरं असा माझा हिशेब. फरशी दोनदा पुसली, पलंग जागेवर लावला, खोली चोवीसवर गार केली आणि दारात उभी राहिले, शाबासकीची वाट पाहत. तिनं चपला काढल्या, प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली, खोलीत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. पांढरी लांब पेटी, तिच्यावर हिरवा आकडा. गारव्यात ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "चालू बी करून टाकला?"

एवढंच.

आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. "हाव ना, तुझ्यासाठीच तर," मी म्हटलं. ती "हं" म्हणाली, पदरानं मान पुसली आणि पलंगावर बसली. जेवली, चांगली दोन तास झोपली, उठून चहाही मागितला. पण तो 'बी' माझ्या मनात कुसळासारखा अडकून बसला. लावला ते ठीक. पण चालू बी?

आमच्या घरी कूलरचा दिवस असायचा. कालनिर्णयात तो सापडणार नाही. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात, होळी झाल्यावर जो पहिला रविवार यायचा तो कूलरचा. रविवार अशासाठी की बाबा आणि काका दोघंही घरी असत आणि त्या लोखंडी धुडाला दोन माणसं लागत. वर्षभर ते जिन्याखाली जुन्या सतरंजीत गुंडाळलेलं असायचं. शहाबादी फरशीवरून ओढताना जो आवाज व्हायचा त्यानं दात आंबायचे, आणि माझ्या लेखी उन्हाळा त्या आवाजानं लागायचा. मग अंगणात त्याच्या तिन्ही जाळ्या काढायच्या. मागच्या वर्षीची घास वाळून काळी झालेली, हात लावला की भुगा. तिच्यात पालीची अंडी सापडत, एकदा माझी हरवलेली पेन्सिलही सापडली. आणि एका वर्षी टाकीच्या कोपऱ्यात उंदराची पिल्लं निघाली. पाच. गुलाबी, डोळे मिटलेली, करंगळीच्या पेराएवढी. आमची आजी एरवी उंदराच्या बाबतीत अजिबात दयाळू नव्हती. पिंजरा लावण्यात अख्ख्या गल्लीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्या दिवशी तिनं सतरंजी परत कूलरवर टाकली आणि म्हणाली, "राहू द्या. त्यायची माय येईन." तीन दिवस घर तापत राहिलं, बाबा चिडचिडत राहिले. चौथ्या दिवशी पिल्लं गेलेली होती. आजीनं टाकी फिनाइलनं धुतली आणि त्याच संध्याकाळी पिंजऱ्यात भज्याचा तुकडा लावला.

नवी घास बाबा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणत. पिवळी, कुरकुरीत, लाकडाच्या सालपटांची. ती जाळीत भरणं हे कसबाचं काम. कमी भरली की भोकं राहतात आणि गरम वारा तसाच आत येतो, जास्त भरली की हवा ओढली जात नाही. आजी एकेक मूठ विंचरून भरायची, वरच्या बाजूला जरा दाबून, कारण भिजली की घास खाली बसते. मग टाकीत पाणी. ते माझं काम, आणि ते पुढे मे संपेपर्यंत रोजचंच माझं काम असणार हे माहीत असल्यानं मी त्या दिवशीच तोंड पाडून बसायची. पंप लावून पाहिला की वरच्या नळीच्या भोकांतून बारीक धारा सुटायच्या, घास वरून खाली काळपट होत जायची, आणि मग तो वास. कोरड्या लाकडाचा, पहिल्या पाण्याचा. नागपूरच्या माणसाला तो वेगळा सांगावा लागत नाही.

पंखा मात्र अजून लावायचा नाही. आजी आतून ताट आणायची. हळद, कुंकू, चिमूटभर तांदूळ आणि एका वाटीत गूळ-फल्ली, म्हणजे गूळ-शेंगदाणे. कूलरच्या कपाळावर, म्हणजे पंख्याच्या वरच्या पत्र्यावर, कुंकवाचं बोट. त्या जागचा रंग उडून पुढे पुढे तिथे गंजाचा एक गोल टिळाच झाला होता. मग घरातल्या सगळ्यात लहान पोराला पायात रबरी चप्पल घालून लाकडी पाटावर उभं करायचं आणि बटण त्यानं दाबायचं. पहिल्या झपाट्याला तोंडावर पाण्याचे थेंब आणि घासेच्या काड्या उडायच्या. आम्ही ओरडायचो. आजी अंबाडा सोडून बरोबर समोर बसायची, डोळे मिटून, आणि दोन मिनिटं कोणाशी बोलायची नाही.

नंतर गूळ-फल्ली वाटायची. शेजारी पण द्यायची, "कूलर लावला" म्हणून.

असले तिचे सण बरेच होते. नवा माठ आला की एक रात्र भरून ठेवायचा, ते पाणी झाडांना घालायचं आणि दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी अंगणातल्या तुळशीला. गोधड्या धुऊन पेटीत जायच्या त्या दिवशी त्यांच्यात कडुनिंबाचा पाला घालायचा आणि संध्याकाळी शिरा. पहिल्या कैरीचं पन्हं, त्यात गूळ किती यावरून काकूशी वाद. आंबा मात्र अक्षय तृतीयेच्या आत तोंडात टाकायचा नाही. कॉटन मार्केटात ढीग लागोत, शेजारच्या घरून सालांचा वास येवो, पितरांच्या घागरीपुढे रसाची वाटी ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी आंब्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी रस, कुरड्या, चिंचवणी. आणि पोटाचं जे व्हायचं ते व्हायचं. मोठे सण आम्ही चारचौघांसारखेच केले. होळीच्या साखरेच्या गाठ्या गळ्यात घालून दिवसभर चाटत फिरलो, पाडव्याला कडुनिंब थुंकला, रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराची शोभायात्रा बघायला रस्त्याच्या कडेला तासन् तास उभे राहिलो. पण मला आठवतात ते हे फुटकळ.

आईला विचाराल तर ती वेगळं सांगेल. "तिचे सण आणि माझी भांडी," हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. शिरा आजीच्या मनात येतो, पण रवा आईच भाजते. कुरड्यांसाठी गहू भिजत घालायचे आजीनं सांगायचं, तिसऱ्या दिवशी ते वाटायचे आईनं, आणि पहाटे चीक शिजताना चाटू फिरवून खांदे आईचे दुखायचे. आम्हा पोरांना साखर घातलेला गरम चीक वाटीत मिळायचा म्हणून आम्हाला तो सोहळा. आई अजून कुरड्या विकतच्या आणते आणि ते ती जरा जोरात सांगते. तिचंही चूक नाही.

मी स्वतः काय फार मायेनं आठवते आहे असंही नाही. कूलर मला कधीच आवडला नाही. पाइप धरून उभं राहायचं, टाकी भरली का ते अंधारात बोट घालून पाहायचं, आणि मृगाचा पहिला शिडकावा झाला की तो नुसता दमट वारा फेकणार, अंग चिपचिप. कोरड्या हवेचंच ते यंत्र. हवा जितकी कोरडी तितकं घासेतलं पाणी लवकर उडणार आणि तितका वारा गार. मार्च ते मे नागपूरची हवा त्याच्यासाठीच केलेली. पण त्यालाही मर्यादा आहे. 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला तेव्हा टाकीतलं पाणीच आंघोळीला काढावं इतकं तापायचं. गेल्या वर्षी नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आजी सकाळी मोरीशी चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, चौऱ्याऐंशी वय आहे, खोली गार ठेवा. मी ठेवली. त्यात माझं काय चुकलं, हे मी त्या आठवड्यात तीनचारदा तरी मनातल्या मनात कोणालातरी विचारलं.

हनुमान जयंतीच्या पुढच्या रविवारी आम्ही सगळे आत्याच्या शेतावर रोडगे खायला गेलो. कळमेश्वरच्या पुढे, काटोल रोडला. आजीला गाडीत पुढची सीट लागते, काच खाली लागते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणतं झाड कोणत्या अवस्थेत आहे ते मोठ्यानं सांगावं लागतं. "पळस गेला. शेंगा धरल्या." "मोह पाह्य, खाली सगळा सडा." "कडुनिंब फुलला वाटते, वास येते." पळसाच्या फुलांचा रंग ती होळीला चुलीवर शिजवून करायची, ते सांगितलं, दरवर्षी सांगते. फेटरी गेल्यावर तिनं गाडी थांबवायला लावली आणि मोहाची चार फुलं उचलून आणायला मला उतरवलं. अकरा वाजताच्या उन्हात मी ओणवी होऊन मोहाची फुलं गोळा करते आहे आणि ती काचेतून "किडकी नको आणू" म्हणून सांगते आहे. फुलं मऊ, मोत्याच्या रंगाची, हाताला चिकट. तिनं एक तोंडात टाकलं, बाकीची रुमालात बांधली. त्यांचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं, मलाही नाही.

शेतावर रोडगे पुरुष करतात, ही आमच्याकडची पद्धत. म्हणजे आजी खुर्चीवर बसून सांगते आणि पुरुष करतात. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक, पोळीला तेल लावून घडी, वर दुसरी पोळी, तिसरी, मग सगळं मिळून चेंडूसारखा गोळा. तिकडे गोवऱ्यांची रास पेटलेली. ज्वाळा असताना टाकला की बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून निखारा पांढुरका होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं माझ्या भावाला कधीच जमलं नाही. "अजून धूर हाय, थांब," आजी म्हणत होती आणि तो एकेक गोळा आत ढकलत होता. अर्ध्या तासानं उकरून काढले, गोणपाटात घालून दोघांनी हलवले, राख झडली. भावाचे चार वरून कोळसा होते. आजीनं त्यातलाच एक मागून घेतला, टरफल सोलावं तसा वरचा काळा भाग सोलला, आतला फोडून तुपात बुडवला. वाफ निघाली. वांग्याच्या भाजीवर लाल तर्री, पातळ वरण, कच्चा कांदा. कडुनिंबाच्या झाडाखाली सतरंजीवर बसून आम्ही अठरा माणसं जेवलो आणि नंतर कोणालाच उठता येईना.

जेवणानंतर आजीला बागेत जायचं होतं. आत्याकडे संत्र्याची झाडं आहेत, दीडशेक. मृग बहराचा माल नुकताच उतरला होता आणि आंबिया बहराची फळं वाटाण्याएवढी धरली होती. ती माझा दंड धरून ओळीतून हळूहळू चालत होती, आणि मधेच म्हणाली, माझ्या बापाची बाग याच्या दुप्पट होती. ते मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. आंबिया घ्यायचा तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा. महिनाभर, जमीन भारी असेल तर त्याहून जास्त. पानं मलूल होतात, गळतात, बाग बघवत नाही. "माझी माय रोज म्हणे, द्या ना आता. बाप हलायचा नाही." मग जानेवारीत एक दिवस ठरायचा. बैलांना अंघोळ, मोटेला हळदकुंकू, विहिरीच्या काठावर नारळ, आणि पहिलं पाणी दांडात सोडायचं. आंबवणीचं पाणी, ती म्हणाली. ती सातआठ वर्षांची. पाण्याचं तोंड दांडातून पुढे सरकायचं आणि ती त्याच्या पुढे उलटं चालायची, अनवाणी. कोरडी धूळ त्या तोंडावर फेसासारखी तरंगायची, त्यात वाळकी पानं, मुंग्या, एखादा नाकतोडा जीव घेऊन पळणारा. पाणी तिच्या अंगठ्याला लागलं की ती आणखी मागे उडी मारायची. पहिल्या झाडाच्या आळ्यात ते शिरलं की बाप टोपी काढायचा आणि पोरांना गूळ-फल्ली द्यायचा.

मी तिथंच उभी राहिले. कोरडी घास, वरून उतरणारं पहिलं पाणी, तो वास, वाटीतली गूळ-फल्ली. सगळं असं झटकन जुळलं की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. म्हणून तू कूलरची पूजा करायचीस का, मी विचारलं, मोटेसारखी?

आजीनं माझ्याकडे पाहिलं. "काहीही बोलतं," ती म्हणाली. "लोखंडाचा कूलर. पहिल्या दिवशी करंट येत जाय त्याले. देवाचं नाव घेतल्याशिवाय लेकराले बटन दाबाले लावू का?"

परतताना गाडीत ती झोपली. रुमालातली मोहाची फुलं तपकिरी पडली होती.

एसीचं म्हणाल तर तो तिला फार आवडला, आणि हेही मला जरा लागलं. तिनं रुसावं, खिडकी उघडी ठेवा म्हणावं, कोकिळा ऐकू येत नाही म्हणावं, असं काहीतरी मी धरून चालले होते. ती आठवडाभरात रिमोट शिकली. उशीखाली ठेवते, कोणाला देत नाही. रात्री अठरावर करते आणि मग थंडी वाजते म्हणून तिनं पेटीतून गोधडी काढली. मार्चमध्ये पाला घालून, शिरा खाऊन आत गेलेली गोधडी एप्रिलात बाहेर. मी म्हटलं, आजी, चोवीसवर ठेव ना. तर म्हणते, "गोधडी घेऊन झोपाची मजा तुले काय समजते."

कूलर आमच्या बाल्कनीत होता. महालातून या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा तोही आला होता. त्याच्यावर मी मनीप्लांट ठेवला होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर मनीप्लांट जमिनीवर आणि कूलर गायब. खाली त्याच्या चार पायांचे गंजाचे चार डाग. मला वाटलं भावानं भंगारात दिला. त्याला फोन करून मी चांगली बोललेही. तो बिचारा "मी नाही" म्हणत राहिला. आजी आतून म्हणाली, "दिला मी." आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंना. त्यांच्या पोरानं मित्राचा ऑटो आणून नेला, दोरीनं बांधून. मला विचारलं का नाही, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

रविवारी सकाळी मी उठले तर आजी तयार होती. चॉकलेटी काठाची साडी, केस चोपून, हातात पिशवी. ताईंचा पोरगा खाली ऑटो घेऊन उभा. "कुठं?" विचारलं. "येतो," म्हणाली. पिशवीतून वाटीचा आवाज आला.

मला बोलावलं नव्हतं. मी गॅलरीतून ऑटो वळेपर्यंत पाहिलं आणि मग तिच्या खोलीत जाऊन उगाच एसी लावून बसले.

दोन वाजता आली. उन्हानं चेहरा लाल, अंबाड्यात घासेची एक काडी अडकलेली. पाणी प्यायली, पलंगावर बसली, पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. गूळ वितळून कागदाला चिकटला होता, फल्ली सादळली होती.

"पंप आवाज करते," ती म्हणाली. "आणि घास कमी भरली त्यायनं. मी म्हटलं वरून दाबा, तर ऐकत नाही."

"कोणी चालू केला?"

"लहान्या पोट्टीनं."

"चप्पल होती ना पायात?"

"हाव. पाट नव्हता त्यायच्याकडे. खुर्चीवर उभी केली, मी धरली होती." मग तिनं उशीखालून रिमोट काढला आणि अठरावर केलं.